बाळाच्या खोलीचा रंग: आधी खिडकी बघा, मग भिंत

बाळाच्या खोलीला कुठल्या कंपनीचा रंग लावू, असं मला वर्षातून चार-पाच जणी तरी विचारतात. विचारणारीच्या हातात बहुतेक वेळा शेड कार्ड असतं आणि त्यातल्या एखाद्या फिकट गुलाबी नाहीतर आकाशी चौकोनाभोवती पेनने गोल केलेला असतो. माझं उत्तर ऐकून तिचा जरा विरस होतो, कारण मी भिंतीबद्दल बोलतच नाही. मी विचारते, खिडकी कधीची आहे? दारावर किती रंग चढलेत? पाळणा माळ्यावरून काढणार आहात का?

यंदा हा प्रश्न आमच्याच घरात आला. धाकट्या दिरांच्या सुनेला सातवा महिना लागला आणि मागची खोली बाळासाठी करायची ठरली. सगळ्यांनी आपापली मतं दिली. माझं मत इथे सविस्तर लिहिते, कारण घरात बोलताना अर्धं ऐकलं जातं आणि अर्धं कुकरच्या शिट्टीत जातं.

मत असं, की भिंतीला आज लावला जाणारा पाण्याचा रंग ही या सगळ्या कामातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. खरी काळजी आहे जुन्या ऑइलपेंटची, आणि तो कोरडा घासताना जी धूळ उडते तिची. आपण पैसे खर्च करतो भिंतीवर, आणि पोराच्या तोंडात जाते ती खिडकीची धूळ.

ज्यांचं घर गेल्या पाच-सात वर्षांत बांधलेलं आहे, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, लाकडी जुनं काही नाही, त्यांनी मधला भाग सोडून थेट भिंतीच्या रंगावर आलं तरी चालेल. पण भिगवणला, इंदापूर-बारामतीकडे अशी घरं किती? आमचं घर उजनी धरण भरलं त्या काळातलं. १९८०च्या आसपास पाणी चढलं, भीमाकाठची गावं उठली आणि माणसांनी उंचावर पुन्हा घरं बांधली. त्या घरांची रंगाची एक ठराविक पद्धत होती. वर चुना किंवा डिस्टेंपर, आणि खाली जमिनीपासून तीन-चार फूट ऑइलपेंटचा पट्टा. हिरवा, बदामी नाहीतर निळा. पट्टा असला की डाग पुसता येतात, पाठ टेकली तरी कपड्याला चुना लागत नाही. शाळेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर सगळीकडे हाच पट्टा. दारं-खिडक्यांना तर ऑइलपेंटच, दर चार-पाच दिवाळ्यांनी एक नवा हात.

ऑइलपेंटमध्ये शिसं घालण्याची पद्धत तेव्हा जगभर होती. शिशाने रंग दाट बसतो, लवकर वाळतो, उन्हापावसात टिकतो. पांढऱ्यासाठी सफेदा, तो शिशाचाच क्षार. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट. लाल-केशरीसाठी शेंदूर, तोही मूळचा शिशाचाच. हिरवा पुष्कळदा याच पिवळ्यात निळा मिसळून केलेला. लेड क्रोमेटचा पिवळा इतका देखणा असतो, की बांगलादेशात काही व्यापारी हळकुंडांना चकाकी यावी म्हणून तोच चोळत होते. २०१९ मध्ये ते उघडकीला आल्यावर तिथे बाजारात धाडी पडल्या. म्हणून जुन्या घरात पिवळा, केशरी, लाल किंवा हिरवा ऑइलपेंट दिसला, की तो शिशाचा आहे असंच मी धरून चालते.

लहान मुलाच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या मानाने चार ते पाच पट जास्त शोषलं जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढं असलं तर चालतं, अशी कुठलीही पातळी त्यांनी दिलेली नाही. वाढत्या मेंदूवर परिणाम होतो, लक्ष लागत नाही, शिकणं मागे पडतं, रक्त कमी होतं. पोट दुखतंय, उलटी होतेय असं काही बाहेरून दिसावं तर तेही थोड्या प्रमाणात दिसत नाही. आईच्या शरीरात गेलेलं शिसं हाडात साठून राहतं आणि गरोदरपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचतं. म्हणून आमच्या सूनबाईला मी खोलीचं काम सुरू होण्याआधीच माहेरी पाठवायला सांगितलं. सात महिन्यांत पाठवायची आमच्यात पद्धत आहेच, पण या वेळी कारण वेगळं होतं आणि ते मी तिच्या आईला फोनवर नीट सांगितलं.

मुलांच्या खोलीतल्या रंगाचा हा धोका काल-परवा कळलेला नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिशाची विषबाधा झालेली मुलं येत होती आणि विष येतं कुठून ते कळत नव्हतं. १९०४ मध्ये त्यांनी लिहिलं, की ते घरातल्या भिंतींच्या आणि व्हरांड्याच्या कठड्याच्या रंगातून येतं. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला लागते, आणि नखं खाणारी, अंगठा चोखणारी मुलं आजारी पडतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्याने १९२२ मध्ये कायदा करून मुलांचा हात पोहोचेल अशा भागाला, म्हणजे जमिनीपासून चार फुटांच्या आत, शिशाचा रंग लावायला बंदी घातली. हे वाचलं तेव्हा मला आमचा हिरवा पट्टा आठवला. त्यांनी ज्या चार फुटांत मना केलं, बरोबर त्याच चार फुटांत आपण साठ-सत्तर वर्षं ऑइलपेंट मारत आलो.

अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. आपल्याकडे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरगुती आणि शोभेच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, म्हणजे किलोभर रंगात फार तर ९० मिलिग्रॅम. आमच्या पिढीला रंग म्हटलं की आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला गट्टू आठवतो, डोळ्यांवर केस आलेला, हातात डबा-ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा. रंगाच्या जाहिरातीत लहान मूल तेव्हापासून आहे. रंगाच्या नियमात त्याचा विचार व्हायला बासष्ट वर्षं गेली.

या नियमाप्रमाणे शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नाही असं डब्यावर छापायलाच हवं, शिवाय बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि महिना-वर्ष. दुकानात गेल्यावर कंपनीचं नाव बघण्याआधी ही ओळ शोधा. मी एका दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, "काकू, आता शिसं-बिसं कुणी घालत नाही, निर्धास्त न्या." मी म्हटलं, मग छापलेलं दाखवा. त्या डब्यावर ती ओळ नव्हती. भाव मात्र शेजारच्या डब्याच्या जेमतेम निम्मा होता. तो डबा मी परत फळीवर ठेवला. दुकानदाराला वाईट वाटलं असेल, पण डब्यावर काय छापलंय ते वाचणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि तो वापरताना संकोच करायचं कारण नाही. लोणच्याच्या बरणीवर हिरवा ठिपका आपण शोधतोच ना.

या नियमाला एक मोठी वाट मोकळी आहे आणि ती आपल्या भागात फार वापरली जाते. नियम घरगुती आणि शोभेच्या रंगांसाठी आहे. यंत्रांना, गाड्यांना मारायचे रंग त्यात येत नाहीत. आपल्याकडे उसाचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्या रंगवायला निघतात, पिवळ्या, केशरी, लाल. उजनीच्या कडेला होड्या रंगतात. मग डब्यात पाव लिटर रंग उरतो. तो टाकवत नाही. आपण काटकसरी माणसं. तो रंग जातो बाळाच्या लाकडी घोड्याला, पलंगाच्या कठड्याला, गॅलरीच्या ग्रीलला. हे करू नका. उरलेला ट्रॉलीचा रंग ट्रॉलीलाच लावायचा किंवा झाकण घट्ट करून पुढच्या हंगामासाठी ठेवायचा.

आता घासायच्या कामाबद्दल, कारण नुकसान होतं ते तिथेच.

आपल्याकडे रंगारी आला की पहिला दिवस घासण्याचा. तो पत्र्याने पोपडे काढतो, पॉलिश पेपर मारतो आणि खोलीत धुकं पडल्यासारखी धूळ होते. मग बाई झाडू घेऊन ती धूळ दारापर्यंत लोटते. सगळ्या घरात ती बसते, पायपुसण्यात, गादीत, बाळाच्या दुपट्यांवर. जुन्या ऑइलपेंटच्या बाबतीत हे चार-पाच तासांचं काम पुढच्या कित्येक महिन्यांची धूळ घरात सोडून जातं. रांगणारं मूल दिवसातून किती वेळा हात तोंडात घालतं, ते मोजून बघा म्हणजे कळेल.

माझं पहिलं सांगणं, जुना रंग घट्ट बसलेला असेल, कुठे फुगला-सुटला नसेल, तर त्याला हात लावू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, ओल्या पॉलिश पेपरने वरवर चमक मारा आणि त्यावर नवा रंग चढवा. आत राहिलेला रंग कुणाला त्रास देत नाही. "सगळा काढून टाकू म्हणजे एकदाची कटकट मिटेल" हा विचार ऐकायला स्वच्छ वाटतो, पण इथे तोच महागात पडतो.

जिथे पोपडे सुटलेतच तिथे ते काढावे लागतात. तेव्हा आधी पाण्याचा फवारा मारून भाग ओला करायचा, ओलाच खरवडायचा, वाळला की पुन्हा फवारा. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं. पंखा बंद. दाराला ओला पडदा. ब्लो लॅम्पने जाळून रंग काढायला तर कधीच परवानगी देऊ नका, त्यात शिशाचा धूर होतो. काम झालं की झाडू नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी बदलून पुन्हा पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. खिडकीच्या चौकटीची खाच विसरू नका. झडप उघडता-मिटताना रंगावर रंग घासतो आणि भुकटी त्याच खाचेत साठते. आणि मूल उभं राहायला लागलं की पहिलं जातं कुठे? खिडकीशी. गज धरतं, चौकट चाटतं आणि स्टेशनातून सुटणारी गाडी बघतं.

आपल्यात याला जयणा म्हणतात, घरातलं प्रत्येक काम कुणा जिवाला इजा होणार नाही असं बघून करणं. रंग काढण्याआधी आपण कोपऱ्यातली कोळ्याची जाळी हळूच बाहेर सोडतो, मुंग्यांची रांग असेल तर दोन दिवस थांबतो. चांगलंच आहे, मीही थांबते. पण त्याच खोलीत चार दिवस धूळ पिणाऱ्या रंगाऱ्याकडे आपण बघतो का? तो तोंडाला रुमालही बांधत नाही. संध्याकाळी तेच कपडे घालून घरी जातो आणि त्याची पोरं पळत येऊन त्याच्या पायांना मिठी मारतात. रंगाऱ्यांना शिशाने त्रास होतो हे जुनंच ठाऊक आहे. १९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याच्या रंगाविरुद्ध करार केला तो त्यांच्यासाठीच. आमच्या रंगाऱ्याला मी दोन चांगले मास्क आणून दिले आणि कामाचे कपडे आमच्याकडेच ठेवून जायला सांगितलं. पहिल्या दिवशी तो हसला. म्हणाला, "ताई, पंचवीस वर्षं हेच करतोय." दुसऱ्या दिवशी मात्र न सांगता मास्क लावून बसला. त्याला घरी दोन मुली आहेत.

आणि पाळणा. या एका गोष्टीवरून आमच्याकडे आठवडाभर अबोला होता.

पाळणा सागवानी आहे, माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. कड्या पितळी, चारही कोपऱ्यांवर पोपट. प्रत्येक बाळंतपणाला त्याला नवा रंग चढला. वर हिरवा दिसतो, कड्याजवळ टवका उडालाय तिथे खाली लाल, त्याखाली पिवळा. मोठ्या जाऊबाईंचा आग्रह, की बारसं त्यातच व्हायचं आणि बाळ झोपायचंही त्यातच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "घरातली अकरा पोरं यात वाढली. काय झालं कुणाला?"

या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. जाऊबाईंनी त्यातली चार पोरं स्वतः जोजवली आहेत. मी एवढंच म्हटलं, की काय झालं हे आपल्याला कळलं असतं तरी कसं? कुणाचं रक्त आपण तपासलं होतं? बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने डॉ. थुप्पिल वेंकटेश यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकाच्या शेवटी मुंबईसह मोठ्या शहरांत लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा १२ वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. ती मुलं शाळेत जात होती, खेळत होती, घरच्यांना ती ठणठणीतच वाटत होती. त्यातलं पुष्कळसं पेट्रोलच्या धुरातून आलेलं होतं. २००० साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं आणि तो एक झरा आटला. पण पाळण्याचा कठडा काही बदललेला नाही. दात येताना मूल तोच चावतं. आपल्या अकरांपैकी कुणाचं गणित कच्चं राहिलं, कुणाला एका जागी बसवेना, ते पाळण्यामुळे असं मी म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. पुढच्याच्या बाबतीत मात्र कळून-सवरून तो कठडा त्याच्या तोंडाशी द्यायचा नाही, इतकंच माझं म्हणणं.

कुणी म्हणालं, घासून लाकूड उघडं करू आणि पॉलिश करू. मी नको म्हटलं. सात-आठ थरांचा पाळणा घरात घासायचा म्हणजे वर लिहिलेली सगळी धूळ एका ठिकाणी करायची. शेवटी जाऊबाईंनीच मार्ग काढला. बारशाला पाळणा दिवाणखान्यात टांगायचा, कठड्याला, दांड्यांना जुन्या नऊवारीच्या पट्ट्या गुंडाळून पक्क्या शिवायच्या, वर फुलं बांधायची. गोविंद घ्या, गोपाळ घ्या होईल, नाव ठेवलं जाईल. रात्री पाळणा परत माळ्यावर. झोपायला बाळाला साडीची झोळी. आमची निम्मी पोरं तशीही झोळीतच झोपत, पाळण्यात घातली की रडत.

खेळण्यांचंही एका वाक्यात सांगते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, जत्रेतल्या रंगीत लाकडी खुळखुळ्यावर ते नसेल तर तो शोकेसमध्ये ठेवा.

आता भिंत. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेने २००७ मध्ये बाजारातले रंग तपासले होते. ऑइलपेंटच्या बहुतेक नमुन्यांत शिसं भरपूर निघालं, पाण्याच्या रंगात ते जवळजवळ नव्हतं. तेव्हाच जर ही स्थिती होती, तर आज नियमानंतर चांगल्या कंपनीच्या पाण्याच्या इमल्शनमध्ये शिशाची धास्ती धरायचं कारण नाही. तिथे बघायचं ते व्हीओसी, म्हणजे रंग वाळताना हवेत उडणारी रसायनं. नवा रंग लावल्यावर डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, ते यांच्यामुळे. चांगल्या डब्यावर लिटरमागे किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. युरोपात २०१० पासून घरातल्या मॅट भिंतीच्या पाण्याच्या रंगाला लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. मी तोच आकडा धरते. लाकडा-लोखंडाच्या टरपेंटाइनवाल्या रंगाला तिथेच ३०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, यावरून फरक लक्षात येईल. म्हणून बाळाच्या खोलीतल्या दाराला, ग्रीललासुद्धा आता पाण्यावर चालणारा इनॅमल मिळतो तो लावा. थोडा महाग पडतो आणि वाळेपर्यंत जपावा लागतो.

"वास येत नाही" आणि "हवेत काही उडत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास झाकताही येतो. फुलांच्या वासाचा रंग मी घेत नाही. जंतुनाशक म्हणून दीडपट भावाने विकला जाणारा रंगही घेत नाही. भिंतीवरच्या जंतूंनी मूल आजारी पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि बुरशीचं म्हणाल तर ती रंगाने जात नाही. आपल्याकडे पाणी खारं, उजनीच्या काठाची ओल, भिंतीला लोणा लागतो आणि सहा महिन्यांत पोपडे धरतात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, गच्चीचा उतार, न्हाणीघराचा पाइप. ओल्या भिंतीवर लिटरला सातशे रुपयांचा रंग लावणं म्हणजे ताकात तूप ओतणं. दुकानातल्या मशीनवर रंग मिसळून घेताना गडद छटा जितकी जास्त, तितकं रंगद्रव्य जास्त पडतं, आणि डब्यावरचा आकडा पुष्कळदा आतल्या पांढऱ्या बेसचा असतो. त्यामुळे फिकट रंग घ्या म्हणते, त्यात सौंदर्यदृष्टी काही नाही.

काही जणी चुन्याचं विचारतात. चुना मला आवडतो. नीट विझवलेला, गाळलेला चुना, चिमूटभर नीळ, दोन हात. त्यातून काही उडत नाही, बुरशी धरत नाही, स्वस्त तर आहेच. लावताना मात्र डोळे सांभाळा. ओला चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जळतं, त्या वेळी मुलांना आसपास फिरकू देऊ नका. आणि वाळल्यावरही तो हाताला लागतो, खडूच्या रेघोट्या पुसल्या जात नाहीत. म्हणून आमच्या खोलीत छत आणि वरचा अर्धा भाग चुन्याचा ठेवला, खाली पुसता येणारं इमल्शन. पट्टा आलाच परत, फक्त डबा बदलला.

आपल्यापैकी पुष्कळ जणी विचारतात की रंगात प्राणिज काही असतं का. पूर्वीचं पावडरचं डिस्टेंपर सरसाने बांधत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून काढलेला डिंक. आजच्या ॲक्रिलिक इमल्शनला त्याची गरज नसते. ब्रश मात्र विचारून घ्या. ऑइलपेंटचे जुन्या धाटणीचे ब्रश डुकराच्या केसांचे असतात. पाण्याच्या रंगाला नायलॉनचाच ब्रश चांगला, केसांचा पाणी पिऊन लोळतो. रंगाऱ्याला सांगितलं की तो हरकत घेत नाही, फक्त ब्रश आपण आणून द्यायचा.

शेणाच्या रंगाचीही चौकशी होते. खादी ग्रामोद्योगचा हा रंग जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेत तयार झाला आणि १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांनी तो बाजारात आणला. तेव्हा डिस्टेंपर लिटरला १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये होतं. शिसं, पारा असे जड धातू त्यात नाहीत असं ते सांगतात. माझी हरकत नाही. पण त्या डब्यावरही तीच ओळ शोधा आणि आधी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर हातभर लावून बघा. सारवलेल्या घराची आठवण येते म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

काम कधी काढायचं? दिवाळीच्या आधी आठ दिवस, हे सगळ्यात वाईट. भिंती पावसाने ओल्या असतात, रंगारी चार घरं एकदम धरतो आणि मागोमाग थंडी पडते म्हणून खिडक्या बंद. चातुर्मासात आपण असली कामं टाळतो ते या हिशेबानेही बरंच आहे. माझ्या मते पौषापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. हवा कोरडी असते, दिवसभर खिडक्या उघड्या ठेवता येतात, आणि रोहित पक्षी बघायला आलेले पाहुणे घरात असले तरी ते पहाटेपासून कुंभारगावच्या होड्यांवर असतात. रंग हाताला तासाभरात वाळतो, पण बाळाला तीन-चार आठवडे तरी तिथे झोपवू नये. बाळंतपणाची तारीख धरून उलटे दिवस मोजा.

जुन्या घरात मूल आधीच वाढत असेल, त्याने पोपडे तोंडात घातल्याचं तुम्ही पाहिलं असेल, तर घाबरून जाऊ नका आणि गप्पही बसू नका. रक्तातलं शिसं मोजता येतं. बालरोगतज्ज्ञांना सांगा, नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो. तोवर हात वारंवार धुवा, खिडकीच्या खाचा ओल्या फडक्याने पुसा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचं शरीर शिसं जास्त ओढून घेतं, तेव्हा नाचणी, दूध, खजूर, राजगिरा चालू ठेवा.

आणि पैशांचं. ओलं घासायचं म्हटलं की एका खोलीला रंगाऱ्याचा एक दिवस, कधी दोन दिवस जास्त जातात. ती मजुरी तो स्वतःहून धरत नाही. मग तिसऱ्या दिवशी घाई होते आणि कोरडा पॉलिश पेपर बाहेर निघतो. म्हणून बोलणी करतानाच जास्तीचे दिवस धरून रक्कम ठरवा. निघालेले पोपडे आणि पुसलेली फडकी जाड पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. परसात पुरू नका, चुलीत घालू नका. आणि ब्रश धुतलेलं पाणी गटारीत सोडू देऊ नका, आपली गटारं शेवटी उजनीतच जातात. बादलीत निवळू द्यायचं, खालचा गाळ वाळवून त्याच पिशवीत.